श्रीमंतबुवांना मी लायनीत उभं केलं

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

देवणी, शुक्रवार

चि. सौ. मल्लम्मास थोरल्या अक्काचा आशीर्वाद, आणि वीरण्णांना माझं शरणार्थ सांग. इकडं माणसं धड हायत, जनावरं उभी हायत, माझा गुडघा होता तसाच कुरकुरतो. तुझ्या दम्याचं काय? औषध घेतेस का, का पुडी उशाला ठेवून वीरण्णांना नुसती दाखवतेस? पावसाचं मला विचारू नको, मीही तुला विचारत न्हाई. यंदा पोळ्याला बैलं ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची असं गावानं ठरवलंय.

तू म्हणशील, हे अक्षर असं कोंबडीनं उकरल्यावानी कसं? दर वेळी मी सांगते आणि सूनबाई शिवकांता लिहिते. (मी सांगितलेलं निम्मं लिहिते आणि निम्मं पदरचं घालते. मागल्या पत्रात ‘अक्का तुमची लई आठवण काढतात’ होतं ना, ते तिचं.) हे पत्र मात्र माझ्या हातचं हाय. दुसरीपर्यंत शिकले ते आज कामाला आलं. यातलं अक्षर शिवकांताला कळलं तर दुपारपर्यंत गल्लीला कळेल. वाचून झालं की चुलीत घाल.

आता ऐक. रेडिओवर दर गुरुवारी संध्याकाळी शिवभजनं म्हणणारे श्रीमंतबुवा एकतारीवाले तुला ठाऊक हायत. अकरा वर्षं झाली, गुरुवारच्या त्या अर्ध्या तासात माझ्याशी कुणी बोलायचं न्हाई असा घरात कायदा हाय. आवाज कसा, भरल्या विहिरीत कुणी हाक मारावी तसा. बुवांना मी बघितलं न्हवतं, पण एवढा आवाज मावायचा म्हणजे माणूस सहा फुटी, छाती दरवाज्याएवढी, मिशा पिळदार, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. मागल्या महिन्यात कळलं की नव्या जिल्ह्याचा वाढदिवस आमच्या बाजार मैदानात करणार आणि बुवा गायला येणार. (आपण उस्मानाबाद जिल्ह्यातून निघून लातूर जिल्ह्यात आलो. नळ होता तिथंच राहिला आणि होता तसाच कोरडा राहिला. पण वाढदिवस तर केलाच पाहिजे.)

चार रात्री मला झोप न्हाई. बुवांना पुढं बसूनच बघायचं, आणि पुढची जागा तर टोपीवाल्यांची. मग सुचलं. आमच्याकडं टँकरचा नेम न्हाई, म्हणून बाया घागरी लायनीत ठेवून घरी कामाला जातात. जिची घागर तिचा लंबर. गावात डोकी फुटतील, पण दुसरीची घागर कुणी हलवणार न्हाई. म्हणून मी त्या दिवशी सकाळीच स्टेजच्या तोंडाशी आपली घागर ठेवली, वाऱ्यानं लवंडू नये म्हणून आत धोंडा टाकला, आणि घरी येऊन नवं लुगडं काढलं.

चार वाजता जाऊन बघते तर काय, माझ्या घागरीमागं घागर, तिच्यामागं घागर, हंडे, डबे, एक तर रंगाचा डबा, अशी लाइन पार जनावरांच्या दवाखान्यापर्यंत गेलेली. माझ्यामागं शेजारची सरजाबाई दोन घागरी घेऊन बसलेली.

“का गं सरजे, तुला कधीपासून भजनाचं वेड?”

“भजन कुठलं अव्वा? टँकर येऊन राहिलाय ना! तुमची घागर पहिली दिसली, म्हटलं म्हातारीला बरोबर बातमी लागती.”

मल्लम्मा, तिथं मी खरं सांगायला पाहिजे होतं. पण या वयात गवयापुढं घागर मांडून बसली, असं गाव उद्याच्या लग्नात माझ्यावर गाणं रचेल. मी म्हणाले, हाव, येईल. एवढंच.

पाच वाजता मोठ्या साहेबांची जीप आली आणि घागरी बघून मैदानाच्या तोंडाशीच थबकली. साहेबांना वाटलं, घागरमोर्चा. दोन पोलीस पुढं आले आणि निवेदन कोण देणार म्हणून विचारू लागले. सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं, कारण पहिली घागर माझी. मी म्हणाले, माझ्याकडं निवेदन न्हाई. साहेबांनी धरलं की बाई लई कडक हाय, कागदावर भागवणारी न्हाई. लगेच माईकवर सांगितलं, अर्ध्या तासात टँकर. आणि आला की! पाहुण्यांच्या आंघोळीला विश्रामगृहावर राखून ठेवलेला, तो सरळ स्टेजला लावला.

तिकडं स्टेजवर बुवांच्या चेल्याची एकतारी जुळवायला सुरुवात, इकडं टँकरची तोटी सुटलेली. समोर बसावं तर मागच्या बाया मला तुडवून जातील. उठावं तर जागा जाईल. घरात दोन दिवसांचं पाणी न्हवतं. धोंडा काढला आणि उठले. तेवढ्यात गळ्याला मफलर गुंडाळलेला एक काटकुळा म्हातारा पेला घेऊन लाइन सोडून थेट तोटीपाशी आला. (श्रावणात मफलर!) मी त्याचं मनगट धरलं.

“घागर कुठाय तुझी? घागर न्हाई तर लंबर न्हाई.”

“घोटभरच पाहिजे माय, घसा लई वाळलाय.”

“वाळला तर वाळू दे. तुला कुठं गाणं म्हणायचंय?”

तो हसला. “खरं हाय माय,” म्हणाला आणि पेला घेऊन गुमान दवाखान्याच्या टोकाला जाऊन उभा राहिला. बाया म्हणाल्या, बरं केलं अव्वा. मलाही बरंच वाटलं. भरली घागर घेऊन मी स्टेजपुढं बसले, आणि माईकवर पुकारा झाला, श्रीमंतबुवा जिथं असतील तिथून या. लायनीच्या शेवटातनं तो मफलर चालत आला. पेला कोरडा. टँकर त्याच्या आधीच संपला होता.

मल्लम्मा, मी अकरा वर्षं ज्याची वाट बघितली तो माणूस माझ्यापुढं चार हातांवर, आणि आमच्या दोघांच्या मधे माझी भरली घागर. उठून पेलाभर द्यायचा होता. सगळं गाव बघत होतं, मी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. पहिलं भजन धरलं तर आवाज वरच्या पट्टीत जाऊन तुटला. दुसरं निम्मं. मग हात जोडून बुवा उठले. एकदा माझ्याकडं बघितलं, रागानं का कशानं, पदरातून कळलं न्हाई.

त्यानंतर तीन गुरुवार गेले. रेडिओवर बुवा न्हाईत. पहिल्या गुरुवारी मी सेल बदलले. दुसऱ्या गुरुवारी रेडिओ शेजारी नेऊन लावला. तिसऱ्या गुरुवारी कुणीतरी पोरगी बासरी वाजवत होती आणि ती स्वच्छ ऐकू येत होती. म्हणजे रेडिओत काही बिघाड न्हाई. शिवकांता म्हणते, अव्वा जेवत का न्हाईत? मी म्हणते, उपास हाय.

बाकी सगळं ठीक. वीरण्णांना जप.

तुझी अक्का,
गुरम्मा

ता.क. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या नायगावच्या मठात बुवांचं भजन लावलंय असं ऐकलं. दम्याचं कारण सांगून घरी बसू नको. पुढं जाऊन बस आणि आवाज वरच्या पट्टीत जातो का ते नीट बघ. गेला तर एका ओळीचं कार्ड टाक, ‘हळद चांगली पिकली’. मला कळेल. न्हाई गेला तर काहीच लिहू नको.

ता.क. दुसरं. बुवांना भेटून सांग, देवणीची ती म्हातारी चुकली म्हणावं. माझं नाव सांगू नको. त्यांनी विचारलंच तर सरजाबाईचं सांग.

ता.क. तिसरं. आधी एवढं विचार की घसा त्या दिवशीच बसला का आधीपासून बसलेला होता. मफलर उगाच कुणी बांधत न्हाई. आधीपासून असेल तर माफी अजिबात मागू नको, उलट माझ्याकडून विचार, एवढा मोठा माणूस लायनीत का घुसला? पण विचारायच्या आधी तांब्याभर पाणी दे, आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत थांब.