थोरला बघून धाकटा पसंत

राणेबेन्नूर, कर्नाटक
रविवार, माघाचे शेवटचे दिवस

तीर्थरूप बाजीमामा यांच्या पायाशी धाकट्या भाच्याचा, म्हणजे धनाजीचा, डोकं टेकून नमस्कार. (धाकट्याचा हे मुद्दाम लिहिलं. न्हाईतर थोरल्याचा समजून घ्याल, तुमचा नेम न्हाई.) तुमचा गुडघा बरा असंल, मामींचा निरगुडीचा शेक चालू असंल, मेंढरं पठारावरनं खाली आली असतील आणि पांढऱ्या कानाची शेळी सुखरूप व्यायली असंल, अशी आशा करतो. मी हितं खुशाल हाय. खुशाल म्हणजे जेवतो, झोपतो. बाकी डोक्यात जाळ हाय, आणि तो तुमी लावलेला हाय. हे फोनवरच बोललो असतो. पण मी तोंड उघडलं की तुमी "रेंज न्हाई, रेंज न्हाई" म्हणता, आणि तेवढं मात्र मला स्वच्छ ऐकू येतं. पत्र कट करता येत न्हाई. तुमची वर्षाराणी ते वाचून दाखवंल. (वर्षे, बापाला वाचून दाखवताना मधलं गाळायचं न्हाई, आणि हसायचं तर अजिबात न्हाई.)

तर मामा, किकवीच्या भिमाआप्पांची धनश्री तुमी माझ्यासाठी हेरली, हे उपकारच झाले. आबा गेल्यापासून आमाला वडील तुमीच. पण पाव्हणे वेल्ह्याला बघायला यायचे त्या दिवशी मला सुट्टी मिळाली न्हाई, हा माझा गुन्हा व्हय? धाबा, टेम्पो, बेकरी, वीटभट्टी अशी चार वर्षांत चार कामं सोडली म्हणून तुमीच शिव्या घातल्या होत्या, की एका जागी बूड टेकून बस. टेकलं. तर सुट्टी न्हाई. तुमी पाव्हण्यांना पुढची तारीख द्यायची. ते न करता काय केलंत? सिद्धनाथदादाला सतरंजीवर बसवलंत. लगीन झालेला, दोन लेकरांचा बाप, त्याला माझी कोरी टोपी घातलीत आणि आप्पांना म्हणालात, "हा थोरला. धाकटा पन असाच. एकाच आईबापाची पोरं, दुसरी काय असणार?" बाजारात तुमी मेंढीचं मागच्या वेताचं कोकरू दाखवून पोटातल्या कोकराचा सौदा करता, तसाच माझा केलात. आणि ती माणसं पण अशी, की त्यांना ते पटलं! दादाची उंची बघितली, दादाचा रंग बघितला, दादाचं सरळ नाक बघितलं, आणि सुपारी माझी फोडली.

पुढचं तुमाला ठाऊक हाय, पण तुमी भावकीत वेगळंच सांगत फिरताय असं कळलं, म्हणून लिहून ठेवतो. आठ दिवसांनी आप्पांनी व्हिडिओ कॉल लावला. मी डबा खात होतो. घाईनं तोंड धुतलं, केसांवर पाणी मारलं, उभा राहिलो. आप्पांनी मोबाईल जवळ नेला, लांब नेला, मग म्हणाले, "बाळा, जरा धनाजीरावांना बोलीव की." म्या म्हणालो, "बोलतोय." ते म्हणाले, "तसं न्हाई. खरे धनाजीराव." आता मामा, माणसानं आपण आपणच हाय हे कसं दाखवायचं? म्या आधार कार्ड दाखवलं. त्यावरचा फोटो बघून तर ते आणखीच घाबरले. मी सावळा हाय, उंचीनं दादाच्या खांद्याला लागतो, केस कुरळे, नाक बसकं. मला ठाऊक हाय. आरसा हितंबी मिळतो.

तेवढ्यावर भागलं असतं. पण आप्पांनी तुमाला विचारलं, की सख्खे भाऊ, मग एवढा फरक कसा? त्यावर तुमी, माझ्या आईचे सख्खे भाऊ, काय बोललात? "काय सांगावं, दवाखान्यात अदलाबदल झाली असंल." मामा! कुठला दवाखाना? मी वस्तीवर जन्मलो, मेंढरं कोंडायच्या वाडग्याला लागून. बाळाबाई सुईणीला आणायला तुमीच पळत गेला होता. त्या दिवशी त्या डोंगरावर जन्मलेलं दुसरं कोण होतं? एक करडू. म्हणजे माझी अदलाबदल करडाशी झाली म्हणायचं काय? या एका वाक्यानं आप्पांचं मन फिरलं. आता त्यांचा निरोप हाय, की पाडव्याच्या आत नीट खुलासा करा, न्हाईतर सुपारी फुटली न्हाई असं समजा. शिरवळचं दुसरं स्थळ वाट बघतंय. वर आई मला फोन करून रडते, की तू माझाच हायेस रे. तिला हे सांगावं लागतंय!

हितं मी बियाणाच्या कंपनीत कांद्याच्या फुलांच्या कळ्या तोडून आणायच्या आणि प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्या धुवायच्या, या कामाला हाय. त्या दिवशी रागात तीन पट्ट्या फोडल्या. आमच्या भार्गवी मॅडम आपल्या भोरच्याच निघाल्या. त्यांनी विचारलं तवा सगळं सांगितलं. त्या हसल्या न्हाईत. (म्हणजे तोंडावर न्हाई. आत जाऊन हसल्या, काचेतनं दिसलं.) मग बाहेर येऊन त्यांनी मला मायक्रोस्कोप नावाच्या उभ्या दुर्बिणीवर बसवलं आणि आधी कांद्याचं मूळ दाखवलं. मामा, अंगात पेशी असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या. पेशीत दोरे असतात, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. उंची, रंग, केस, सगळं त्या दोऱ्यांत गुंडाळलेलं. त्या मुळात एका पेशीच्या दोन होतात तवा आधी दर दोऱ्याची नक्कल निघते, आणि दोन्हीकडं सारखाच माल जातो. तुमी "धाकटा पन असाच" म्हणालात, तो साचा हाच. खरचटलेलं भरून येतं ते असं, पोर वाढतं ते असं. पण पोर होतं ते असं न्हाई! त्यासाठी पेशी वेगळ्या रीतीनं वाटली जाते. ती वाटणी म्या कळीत बघितली, माझ्याच हातानं तोडलेल्या कळीत.

तुमाला कळंल असं सांगतो. समजा माणसाच्या पेशीत तेवीस खुंट्या हायत. दर खुंटीला दोन मेंढरं बांधलेली, एक आईकडचं, एक बापाकडचं. वाटणीच्या आधी जोडीतली दोघं अंगाला अंग लावून उभी राहतात आणि एकमेकांच्या लोकरीचे पुंजके बदलून घेतात. काळ्याच्या पाठीवर पांढरा पट्टा येतो, पांढऱ्याच्या मानेवर काळा. मग वाडग्याला दोन दारं. जोडीतलं एक या दारानं जातं, दुसरं त्या दारानं. कुठलं कुठनं जाणार हे मेंढक्या ठरवत न्हाई, मामा ठरवत न्हाई, आणि शेजारच्या खुंटीचं बघून तर कुणीच ठरवत न्हाई. असा निम्मा कळप बाहेर पडतो. आईकडनं तेवीस, बापाकडनं तेवीस, मग माणूस. (मधी आणखी एक वाटणी असते. ती मला नीट कळली न्हाई, म्हणून लिहीत न्हाई. तुमच्यासारखं न कळलेलं ठासून सांगायची मला सवय न्हाई.)

नुसत्या दारांचा विचार केला तरी एका आईकडनं निघू शकणारे निरनिराळे वाटे त्र्याऐंशी लाख अठ्ठ्याऐंशी हजार सहाशे आठ. दोनला दोननं गुणत गुणत मॅडमच्या कॅल्क्युलेटरवर म्या स्वतः काढले. कीर्तनात बुवा लक्ष चौऱ्याऐंशीचा फेरा सांगतात, तो एका आईच्याच पदरात जवळजवळ पुरा होतो. बापाकडचे तेवढेच वेगळे, आणि लोकरीची अदलाबदल त्यात धरलेलीच न्हाई. आणि तुमी दोन भावांत फरक पडला म्हणून दवाखाना शोधताय! फरक पडला नसता तर चौकशी करायची.

आता नाकाचं. मॅडमनी घरचे फोटो बघायला मागितले. म्या मोबाईलमधला तुमच्या लग्नाचा फोटो काढला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "हे कोण?" म्हणालो, "मामा." त्या म्हणाल्या, "मग नाक हुडकायला एवढ्या लांब कशाला आलास?" आजीकडचे काही दोरे तुमच्यात आले, काही आईत आले, आईकडनं माझ्यात. दादाच्या वाट्याला दुसरे आले. (नाक एका दोऱ्याचं नसतं, बऱ्याच दोऱ्यांचं मिळून होतं, असंबी त्या म्हणाल्या. असू द्या.) सांगायचं हे, की किकवीत नापसंत झालं ते नाक तुमचं हाय, मामा. मामींनी ते तीस वर्षं चालवून घेतलं. (घेतलं नसंल तर वर्षे, हे वाक्य सोड.)

तवा पाडव्याच्या आत किकवीला जायचं. दादाला बरोबर न्यायचं न्हाई. आप्पांसमोर टोपी काढून, बाजूला तोंड करून बसायचं, आणि दवाखान्याचं बोलणं परत घ्यायचं. बोलता येत नसंल तर नुसतं बसा, नाक बोलंल. मामींना नमस्कार. आईला म्हणावं, मला शंका नव्हती. दादाला म्हणावं, टोपी धुऊन ठेव.

तुमचाच, बदलून न आलेला,
धनाजी

ता. क. : कागदाच्या मागं खुंट्यांचं आणि दोन दारांचं चित्र काढलंय, ते आप्पांना दाखवा. मेंढरं मोजत बसू नका, जागा पुरली न्हाई.

आणखी ता. क. : वर्षे, हे मोठ्यानं वाचू नको. खोकला आला म्हण आणि पाणी प्यायला आत जा. खरी गोष्ट अशी, की म्याबी धनश्रीला कधी बघितलं नव्हतं. दिवाळीत किकवीच्या एसटी थांब्यावर तिची थोरली बहीण मंगल दिसली होती, तेवढ्यावर म्या मामांना म्हणालो होतो, की धाकटी पन अशीच असंल, चालंल. मामा हे अजून कुणाला बोलले न्हाईत. मामांचा आला तेवढाच राग मला माझाबी आलाय, पण तो लिहायला कागद उरला न्हाई. परवा धनश्रीनं फोन केला. तिनं सरळ विचारलं, "तुमी ताईला बघून व्हय म्हणालात ना?" मला खोटं सुचलं न्हाई. व्हय म्हणालो, चुकलं म्हणालो, आणि त्र्याऐंशी लाख सांगायला लागलो. ती म्हणाली, "ते राहू द्या. मी बारावी सायन्स हाय." मग म्हणाली, "आमा दोघींतबी लई फरक हाय. म्हणजे फिट्टंफाट. पन मामांनी येऊन चूक मानल्याशिवाय आमचे आप्पा ऐकायचे न्हाईत." तवा वर्षे, मामांना गोडीनं किकवीला धाड. पाया पड, चहा दे, काय करायचं ते कर. मी सुट्टी मागितली न्हाई, काम सोडून येतोय, हे त्यांना आत्ताच सांगू नको. फोन ठेवताना धनश्री म्हणाली, "आवाज तरी तुमचा हाय, का त्योबी थोरल्याचा?" म्या म्हणालो, माझा. ती म्हणाली, "मग या."