सोळा जणांची यादी

सर, काल शाळेच्या मैदानाला तुमचं नाव दिलं. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. कोनशिलेवर फुलं, तुमच्या फोटोला गुलाबांचा हार, आणि एकामागून एक भाषणं. 'निष्कलंक चारित्र्य' हे शब्द चौघांनी तरी वापरले. मी क्रीडाशिक्षक म्हणून पहिल्या रांगेत बसलो होतो. तुमच्या फोटोकडे बघवत नव्हतं. मग मला बोलायला उभं केलं, तर मीही तेच शब्द बोललो, वर गळाही दाटून आणला. घरी येऊन दोनदा चूळ भरली, तरी तोंडाची चव गेली नाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

कॉलेजात मी दहा नंबरची जर्सी घालायचो. मधल्या फळीत उभा राहायचो आणि आमचा सगळा खेळ माझ्या पायातून सुरू व्हायचा. विद्यापीठाच्या संघात गेलो तेव्हा पेठेने खांद्यावर घेतलं. वाटलं, आता नोकरी दारात चालत येणार. कॉलेज संपलं आणि कुणी विचारेना. मग शिरोलीच्या एका फौंड्रीत लागलो. दिवसभर काळ्या वाळूचे साचे भरायचे; नाक शिंकरलं की रुमाल काळा. शेजारी एक जुना कामगार होता, आमच्या पेठेमागच्या बौद्ध वस्तीतला. लोखंड ओतताना कुठं उभं राहायचं, ठिणगी उडाली तर कसं वळायचं, हे त्याने शिकवलं. "पाय जपा, पावणं. खेळणाऱ्याचा पाय हाय त्यो," म्हणायचा, आणि दुपारी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवायचा. मी डबा आणायचो नाही. आणायला लाज वाटायची, कारण डबा आणला म्हणजे इथंच राहायचं ठरलं असं होईल.

तिथून तुम्ही मला उचललंत, हे मी नाकारत नाही. सहावीपासून मला फुटबॉल तुम्हीच शिकवला. उगाच चेंडू नाचवत बसलो की बाहेर काढायचात: "पास द्यायचा सोडून फोटो काढून घेतोस व्हय रं?" तुम्ही मुख्याध्यापक झालात आणि मला घरी बोलावलंत. तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसलोय, काकू तव्यावरचं थालीपीठ थेट ताटात टाकतायत, आणि तुम्ही दारात उभं राहून माझी काळी नखं बघताय. "बी.पी.एड. कर," तुम्ही म्हणालात. "मी शाळेत घेतो तुला. पोरं घडीव." मी खाली मान घालून थालीपीठ खात राहिलो, कारण डोळे भरले होते.

पहिलं वर्ष वाईट गेलं. वीस पोरं एकाच चेंडूमागे धावायची आणि मी काठावरून शिव्या घालायचो. मला जे आपोआप जमायचं ते दुसऱ्याला सांगता येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी एक डावखुरा पोरगा आला, आठवीतला. बचावात डाव्या बाजूला खेळायचा. पळायला फार चपळ नव्हता, पण चेंडू येण्याआधीच तिथं असायचा. मी विचारलं, "तुला कसं कळतं रं?" तो म्हणाला, "सर, त्येच्या खांद्याकडं बघतो. पायाकडं न्हाय बघत." त्या एका वाक्याने मी शिकवायला शिकलो. तो फौंड्रीतल्या त्या कामगाराचा मुलगा, हे मला नंतर कळलं. बाप एकदा सामना बघायला आला, तर मला साहेब म्हणाला आणि कुंपणाबाहेरच उभा राहिला.

तो पोरगा दहावीत गेला त्या वर्षी आपण विभाग जिंकला. राज्य स्पर्धेला सोळा जण जाणार होते, आणि यादीत नाव असलेल्याला दहावीला खेळाचे जादा गुण मिळणार होते. तुम्ही मला ऑफिसात बोलावून दार लावायला सांगितलंत.

"आपली प्रयोगशाळा बांधतोय त्या कंत्राटदाराचा पोरगा हाय. त्याचं नाव घाल."

"सर, त्यानं बुटाला कधी माती लागू दिलेली न्हाय."

"शाळेला प्रयोगशाळा पायजे का नको? बाकीच्या हजार पोरांचा विचार कर की."

मी नाव घातलं. डावखुऱ्याला बोलावून सांगितलं की यंदा तुझं जमलं नाही. तो "बरं, सर" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी जर्सी धुऊन, घडी करून आणून दिली. कंत्राटदाराचा मुलगा स्पर्धेला आलाच नाही, त्याचा क्लास होता. आपण पहिलाच सामना हरलो. तिन्ही गोल डाव्या बाजूने झाले. परत आल्यावर तुम्ही म्हणालात, "नशीब." त्या क्षणी मला तुमची किळस आली. निकालाच्या दिवशी कंत्राटदार पेढे घेऊन आला, तुम्ही एक खाल्लात, एक माझ्या हातावर ठेवलात. मी खाल्ला. डावखुऱ्याचा डिप्लोमाचा प्रवेश थोडक्यात हुकला. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, आणि तुमच्याशी भांडायचं राहून गेलं.

काल तो डावखुरा कार्यक्रमाला आला होता. कागलच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे. पाळी संपवून गणवेशातच आला. तुमच्या फोटोला वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "मोठे सर लई भले माणूस होते. भाच्याला तुमच्याच शाळेत घातलंय, पाचवीला. जरा बघा त्येच्याकडं." मी मान हलवली. वडिलांची चौकशी केली. "बरं हाय. तुमचं नाव काढत्यात," म्हणाला.

दहा वर्षं मी ही हकीकत बायकोला, दोन-तीन मित्रांना सांगत आलो, आणि दर वेळी 'सरांनी त्या पोराला काढायला लावलं' असंच सांगितलं. पण तुम्ही फक्त एक नाव घालायला सांगितलं होतं. कुणाला काढायचं ते बोलला नाहीत; मी विचारलंही नाही. यादीत त्याच्यापेक्षा कच्चे पाच जण होते. त्यातल्या प्रत्येकामागे कुणीतरी होतं, कुणाच्या पेठेतलं तालीम मंडळ, कुणाचा नगरसेवक मामा. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून लिहितो: त्याचं नाव मी खोडलं, कारण त्याचा बाप जाब विचारायला शाळेत येणार नाही, हे मला माहीत होतं. त्याची भाकरी खाताना मी त्याला ओळखलं होतं.