सेंट लुइसची खालची आळी

सेंट लुइस, अमेरिका
१४ सप्टेंबर १९९७

परममित्र गहिनीनाथ यास,

उत्तमरावाचा साता समुद्रापलीकडून कडकडीत जयभीम आणि तुझ्या पद्धतीनं रामराम. छबूवहिनींना नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (ऊसतोडीला माणसं लाव, स्वतः वाकू नकोस, हे अमेरिकेतून सांगतोय म्हणजे तरी ऐकशील.) गाय व्याली का? आमच्या बनाबाईची तब्येत उत्तम. नळाला चोवीस तास गरम पाणी बघून ती दिवसातून दोनदा अंघोळ करते आणि वर मलाही पाठवते.

येत्या मे महिन्यात मी रिटायर होणार, भिंगारचं क्वार्टर सोडावं लागणार आणि पुढं राहायचं कुठं याचा पत्ता नाही, हे तुला ठाऊक आहेच. आमच्या भारतीनं त्याचा निकाल लावून टाकलाय. ती नि जावई इथं घर घेणार आणि आम्ही दोघांनी त्यात कायमचं येऊन राहायचं. कोणत्या वस्तीत घ्यायचं ते मात्र दादांनी ठरवायचं, असं तिचं म्हणणं. (जन्मभर मिलिटरीच्या इमारतींचे नकाशे काढले म्हणून मला घरातलं कळतं, असा पोरीचा गैरसमज आहे. मी तो दूर केला नाही.) त्यामुळं महिनाभर दर शनिवार-रविवारी ती गाडी चालवते नि मी पुढं बसून गावं बघतो.

गावंच म्हणायची! तुला थापा वाटतील, पण या एका शहराभोवती नव्वदेक गावं चिकटलेली आहेत आणि प्रत्येकाचा नगराध्यक्ष वेगळा. पुष्कळांचा तर फौजदारही वेगळा. म्हणजे आपल्याकडं एकाच शहरात सावेडीचं सरकार निराळं, केडगावचं निराळं, मध्ये चार घरं उरली तर त्यांचंही निराळंच. नदीचं तर काय सांगू! प्रवरासंगमाला गोदावरी पुरात दिसते ना, तशी ही बारमाही. काठावर उभा राहून मी डोळे बारीक करून पलीकडचा काठ शोधत होतो. बनाबाई म्हणाली, एवढं पानी हाय नि ऊस कुठंच न्हाई? एका टेकाडावर इटलीच्या लोकांची वस्ती आहे. त्यांनी रस्त्याकडेचे आगीच्या बंबाचे नळ आपल्या झेंड्याच्या रंगात रंगवलेत, लाल, पांढरा, हिरवा. (आपल्याकडं असा रंगीत खुंट दिसला असता तर आठवड्यात त्याच्यापुढं नारळ फुटला असता.) आणि दोन घरांच्या मध्ये हिरवळ, पण बांध नाही! तुझा नि तुझ्या चुलतभावाचा वीतभर बांधावरून जो दावा चाललाय, त्यातले दोन्ही वकील इथं उपाशी मरतील.

आता माझी खोड तुला माहीत आहे. कुठल्याही गावात पाय ठेवला की मी आधी पूर्व कुठं ते बघतो आणि मग ओढा कुठून कुठं वाहतो ते. आपल्याकडं गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या खालच्या अंगाला आम्ही. वर सगळ्यांनी वापरलेलं पाणी मग आमच्याकडं. एका श्रीमंत उपनगरात (नाव लिहीत नाही, उगाच बदनामी नको) भारती आणि बनाबाई एक घर आतून बघत होत्या, तेवढ्यात मी म्हटलं आपण खालची आळी बघून यावी. निघालो उताराला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. थोडा चाललो असेन तोच मागून पोलिसाची गाडी! इथं पायी कुणीच चालत नाही, त्यामुळं कुणीतरी खिडकीतून बघून फोन केला होता, एक इसम चालतोय म्हणून. फौजदार मोठा सभ्य. साहेब, काय शोधताय, म्हणाला. मी आपल्या ऑफिसच्या इंग्रजीत निवेदन केलं की मला या गावाच्या खालच्या अंगाची पाहणी करायची आहे, जिथं तुम्ही गरीब लोक ठेवलेत. त्या बिचाऱ्यानं ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग त्यानं मला गाडीत घालून ओढ्यापाशी नेलं. अन् बघतो तर काय, ओढ्याकाठी गॉल्फचं मैदान आणि त्याच्या कडेनं गावातली सगळ्यात महाग घरं! आमच्या ब्रिगेडियरचा बंगला त्यांच्यापुढं चौकीदाराची खोली शोभेल. ओढा आहे म्हणून तर जागेला भाव, असं तो सांगत होता. मी थक्कच झालो रे. आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओढ्याकाठी काढल्या, पण तो भाग इतका पॉश आहे हे आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही!

तरी माझं समाधान होईना. भारती प्रत्येक वेळी डेलमार नावाच्या एका रस्त्यापाशी गाडी वळवायची. पलीकडं कधी नेलंच नाही. का, तर सगळे सांगतात तिकडं जाऊ नका. सगळे म्हणजे कोण, असं मी विचारलं, तेव्हा कुठं पुढच्या रविवारी पोरीनं नेलं. रस्ता ओलांडला नि माझ्या लक्षात आलं की माझी दिशा तेवढी चुकली होती. इथं पूर्व नव्हे, उत्तर. घरं तशीच लाल विटांची, देखणी, पण मध्येच एखाद्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. वॉल्टर नावाचे एक काळे आजोबा ओसरीत बसले होते. आम्ही घरं बघतोय म्हटल्यावर त्यांनी वर बोलावलं आणि आतून चांगले ग्लास काढून लिंबाचं सरबत दिलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी म्हणे कितीतरी घरांच्या खरेदीखतांत लिहिलेलं असायचं, हे घर काळ्या माणसाला विकू नये. याच शहरातलं एक कुटुंब देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत भांडलं आणि अठ्ठेचाळीस साली कोर्टानं सांगितलं, असलं कलम आम्ही चालवणार नाही. मी तोंडात बोट घातलं. म्हटलं, तुमच्याकडं लिहून ठेवावं लागायचं? आमच्याकडं तर कुणाला लिहायची गरजच पडली नाही! भारतीनं ते इंग्रजीत सांगितलं. म्हातारा असा हसला, असा हसला की बनाबाई घाबरून त्याची पाठ चोळायला उठली. मीही हसलो. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी सरबतावर ढकललं. निघताना त्यानं विचारलं, तुमचं घर कुठं?

परतताना गाडीत भारतीनं निकाल मागितला. मी सांगितलं, पोरी, तू कुठंही घे, ऐपत असेल तर खुशाल ओढ्याकाठी घे. आम्ही पाहुणे म्हणून येत जाऊ, कायमचे नाही. ती रडली. बनाबाई मात्र काही बोलली नाही, म्हणजे तिचंही तेच मत असावं. (एरवी ती मत राखून ठेवत नाही.) आम्ही दिवाळीच्या आत परत येतो. प्रकृतीला जप, वहिनींशी भांडू नकोस, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
उत्तम

ता. क. पारासमोरची, तुझ्या घराला लागून असलेली मोकळी जागा तू विकायला काढलीस असं निघताना कानावर आलं. मला देतोस का? गावाच्या आत, तुझ्या भिंतीला भिंत. तोंडावर विचारायचा धीर मला या जन्मात झाला नसता, म्हणून इतक्या लांबून विचारतोय.

आणखी ता. क. घाई करू नकोस. वहिनींना विचार, भावकीला विचार. हो असेल तर दोन ओळी लिही. नाही असेल तर काहीच लिहू नकोस. पत्र वाटेत गहाळ झालं असं मी समजेन आणि आल्यावर नेहमीसारखा तुझ्याकडं चहाला येईन. भारती म्हणत होती, दादा, परदेशचं टपाल आहे, रजिस्टर करा. मी मुद्दाम साधंच टाकतोय.