उभी झाली का घेऊन जा

२० मार्च
खुर्चीवर मोहफुलं वाळत घातली होती! नवीकोरी चाकाची खुर्ची. आमच्या चाकाच्या खुर्चीवाल्याईच्या ग्रुपनं किती जणाईच्या दारात जाऊन मिळवलेली. चामोर्शीहून एवढ्या उन्हात माझी तीनचाकी स्कूटर दामटत गेली, अन् पाहते त अंगणात खुर्ची, सीटवर फडकं, फडक्यावर मोहफुलं. खुर्चीच्या हातावर कोंबडी बसलेली!

अन् जिच्यासाठी खुर्ची, ती मयुरी आत खाटेवर. दिवाळीनंतर सासरी धानाचं पुंजणं रचत होती, वरून पडली. मणका गेला. कंबरेखाली काही नाई, माझ्यासारखंच. मी जीप उलटून, ती पुंजण्यावरून. सासरच्याईनं दवाखान्यातून जी माहेरी आणून टाकली, ते परत तोंड दाखवलं नाई.

तिची माय गुणाबाई म्हणते, "खुर्ची नोको बाई. एकदा बसली का मंग बसलीच रायते."

मयुरीले विचारलं. भिंतीकडं तोंड करून म्हणते, "मी उभी होणार आहो."

नऊ वर्षं झाली मले चाकावर. प्रत्येक नव्या घरी हेच ऐकते. कोणी तेल चोळणारा येतो, कोणी जडीबुटीवाला येतो, शेजारचा सांगतो का माझ्या भाच्याचा मेव्हणा चालाले लागला. अन् तोवर पडून पडून पाठीले जखम होते अन् माणूस सडतो! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "उभी होशीन तेव्हा होशीन, आधी बसून त पाह्य!" अर्धा तास समजावलं. आशा सोड, जे आहे ते मान, वगैरे.

२१ मार्च
हरिदासभाऊचा फोन. गडचांदूरचा आहे, ट्रकवरून पडला होता, ग्रुपमधला सगळ्यात जुना माणूस. म्हणतो, "संघप्रिया, तू मदत कराले जातेस का भांडाले?"

दोन्ही!

२७ मार्च
अजून राग उतरला नाई. तरी लिहिते.

आज न सांगता गेली. सारं गाव मोह वेचाले रानात. मयुरीच्या घराचं दार नुसतं लोटलेलं. ढकललं, अन् — माय वं! मयुरी उभी. खांबाले बांधलेली! छातीजवळ धोतर, कंबरेले धोतर, गुडघ्याजवळ धोतर, अन् त्यावरून लग्नातली साडी गुंडाळलेली. पाय जांभळे पडलेले. समोर गुणाबाई मोबाईल धरून. अन् मयुरी हासून राह्यली होती. "दिव्या, पाह्य बेटा, आई उभी हाये!"

मी ओरडली. काय ओरडली ते आठवत नाई, पण गुणाबाईच्या हातून मोबाईल पडला. "सोडा तिले! आधी सोडा!" सोडली त पोतं घसरावं तशी मायच्या अंगावर आली. खाटेवर घेतली. टाचेले जखम, चांगली खोल. तिले त कळतच नाई ना दुखलेलं! रोज त्या जमिनीवर टाच घासते अन् कळत नाई.

मंग मयुरीनं सांगतलं. दिव्या तिची पोरगी. तीन वर्षांची होईन आता. ब्रह्मपुरीकडं सासरीच ठेवून घेतली. नवरा आदेश म्हणाला, "खाटेवरची बाई लेकराले का पाहणार? उभी झाली का सांग, लेकरू घेऊन जा." म्हणून हे व्हिडिओ! पाठवते, तो पाहते, म्हणते अजून चालून दाखव.

म्हणजे आशा-बिशा काहीच नव्हती. तिले सगळं माहीत होतं! डॉक्टरानं तिच्यासमोर सांगतलं होतं का आता उभं होणं नाई, आदेशच्याही समोर. अन् मी शहाणी तिले ज्ञान पाजत होती, का जे आहे ते मान!

निघताना हात धरला माझा. "ताई, तुमच्याजवळ ते लोखंडी पट्ट्याचे बूट हायेत म्हणे. साडीखाली दिसत नाईत. एकडाव द्या. दोन पावलं टाकून दाखवतो."

नाई म्हटलं. त्या बुटाईत उभं राहाले मले कित्येक महिने लागले होते. ही पडली त मांडीचं हाड जाईन. अन् कोणाले दाखवायचं? त्या माणसाले? माझ्या बुटानं असली खोटी परीक्षा पास कराची नाई कोणी!

हात सोडला तिनं. म्हणे, "तुमाले लेकरू असतं त समजलं असतं."

२८ मार्च
काय बोलली ती! काय बोलली!

३१ मार्च
हरिदासभाऊले सगळं सांगतलं. त्याचा व्हॉइस मेसेज आला, नेहमीसारखा थंडा. "नवराबायकोच्या भानगडीत पडू नोको. आपलं काम जखम, लघवी अन् बसणं." मीही पाठवला. "अन् लेकरू कशात येते भाऊ? जखमेत का लघवीत?"

संध्याकाळी एवढंच: "तिची जखम पाहाले तरी जाय."

जाणार नाई. मी का धर्मादाय दवाखाना आहो?

२ एप्रिल
गेली. नर्सबाईले मागं बसवून नेलं. टाच पाहून नर्सबाई गुणाबाईवर उखडली. मले बरं वाटलं, एक दिवस दुसरं कोणीतरी ओरडलं.

मयुरी माझ्याकडं पाहत नव्हती. मीही नाई. पण पाठ पाहायचा आरसा कसा धराचा, हातावर जोर देऊन बूड कसं उचलाचं, हे दाखवलं. शेवटी म्हणाली, "बांधणं बंद करतो ताई. पण खुर्चीत बसन त दार लावून."

काऊन? त गावातल्यानं कोणी पाहून आदेशले सांगतलं त! एवढ्या उकाड्यात दार लावून बसणार. इथी दारू पिऊन लोक भर चौकात लोळतात, अन् ही खुर्चीत बसते ते चोरून!

९ एप्रिल
खाटेवरून खुर्चीत आली, फळीवरून सरकत, आपल्या हातानं. मी टाळ्या वाजवल्या. गुणाबाई म्हणे, "हळू बाई, शेजारी ऐकतीन!"

१४ एप्रिल
रॅलीत गेली, खुर्चीले निळा झेंडा बांधून. या वर्षी स्टेज जमिनीवरच होता. मागच्या वर्षी पायऱ्यापाशी तमाशा केला होता ना मी! जय भीम.

२० एप्रिल
चामोर्शीले आमची बैठक. मयुरी आली! जीपमध्ये, ओढणीनं तोंड झाकून, लपून आल्यासारखी. आत आल्यावर ओढणी काढली. इतक्या खुर्च्या एका जागी तिनं कधी पाह्यल्या नव्हत्या.

आमचे लोक त बेशरम. समोर पोहे अन् गोष्टी लघवीच्या थैलीच्या. हरिदासभाऊनं भाच्याच्या लग्नातली सांगतली, पंगतीत थैली फुटली अन् यानं सगळ्याईले सांगतलं का शरबत सांडलं, अन् वाढप्यानं बिचाऱ्यानं अजून शरबत आणून दिलं. मयुरी अशी हासली का पोहे उडाले. मी तिले हासताना पहिल्यांदा पाह्यलं. त्या व्हिडिओतलं हासणं मी हासणं धरत नाई.

मंग हरिदासभाऊनं विचारलं, "पोरगी कशी हाये बाई तुही? खोडकर हाये का?"

हे कोणी विचारलंच नव्हतं तिले. मीही नाई! एवढ्या चकरा मारल्या, टाच पाह्यली, पाठ पाह्यली, पोरगी कशी आहे म्हणून नाई विचारलं. मयुरी बोलतच सुटली. दिव्या माती खाते, दिव्या बकरीले शाळा शिकवते, दिव्याले झोपताना कान धराले लागते. बोलता बोलता रडली, रडता रडता बोलली. सगळे ऐकत होते.

मंग डोळे पुसून मोबाईल माझ्या हाती दिला. "ताई, काढा व्हिडिओ. खुर्चीतला." म्हटलं विचार करून घे. म्हणे, "झाला विचार." कॅमेऱ्यात पाहून बोलली, "दिव्या, आई बसली हाये. आता आई अशीच राहीन. मांडी मोठी झाली पाह्य माही. ये." अन् पाठवला आदेशले.

मलेच भेव लागलं.

२१ एप्रिल
दोन निळ्या रेघा. उत्तर नाई.

२५ एप्रिल
अजून नाई. फोन उचलत नाई. गुणाबाई आज माझ्या तोंडावर बोलली. "तुमीच नासवलं बाई. व्हिडिओ जात होते तवर दार उघडं त होतं." मी, जी कलेक्टर ऑफिसात टेबल वाजवते, ती स्कूटर फिरवून निघाली. कारण तिचं खोटं नाई. माझं का जाते खरं बोलाले? लेकरू त मयुरीचं गेलं. त्या आदेशचा राग, माझा राग, कोणाचा कुठी हेच कळत नाई आता. मयुरी मात्र खुर्ची घेऊन अंगणात बसते. दार उघडं टाकून.

२७ एप्रिल
हरिदासभाऊ! थंडा हरिदासभाऊ! मेसेज केला, "ब्रह्मपुरीले जाऊ. सगळे. मे लागला का. लेकरू घेतल्याशिवाय आदेशच्या अंगणातून हलाचं नाई." म्हटलं भाऊ, नवराबायकोची भानगड ना? म्हणे, "चूप बस, जीप सांग."

सांगतली. दोन सांगतल्या. त्या घराले पायऱ्या किती आहेत ते मयुरीले विचारलं. म्हणे, "कराच्या काहाले? आपण अंगणातच त बसणार."

२ मे
आदेशनं स्वतःहून फोन केला मयुरीले. दिव्याले घेऊन जा म्हणे. उभी झाली का, बसली का, काही विचारलं नाई. त्याचं दुसरं लग्न जमलं आहे, अन् नव्या नवरीकडच्याईले घरात लेकरू नको आहे.

मी शिव्या देत होती, जेवढ्या येतात तेवढ्या. सोडचिठ्ठी नाई, काही नाई, अन् दुसरं लग्न! त्या आदेशले पोलिसातच नेते म्हटलं! मयुरी ऐकतच नव्हती. खुर्चीत बसून पेटी उघडली होती.

"वो ताई, हे फ्राक आखूड होतीन का आता तिले?"