चांदण्यात काढलेली काच

आबा, आज शहराबाहेरच्या जुन्या महालाच्या डोंगरावर चंद्र वर आला आणि मला तुमची ती काच आठवली. लढाईचे दिवस होते. फोटोच्या काचा नगर शहरात मिळेनाशा झाल्या होत्या. आपल्या स्टुडिओत एकच कोरी काच उरली होती आणि ती माझ्या फोटोसाठी राखलेली होती, मुलाकडच्यांना पाठवायला. पौर्णिमेला तुम्ही तीच कॅमेऱ्यात घालून डोंगर गाठलात.

सकाळी ओली काच खिडकीपाशी धरून तुम्ही मला हाक मारता. महाल, माळ, बाभळी, सगळं लख्ख. मी फणकाऱ्यानं म्हणते, हे तर दुपारी क्षणात निघालं असतं. तुम्ही रागावत नाही. खडकावरच्या पुसट माणसावर बोट ठेवता; त्याच्या अंगातून खडक दिसतोय. भिंग उघडं ठेवून तुम्हीच तिथं जाऊन बसला होता. मग कंदील लावलेली बैलगाडी येताना दिसली, तिचा उजेड काचेवर उमटू नये म्हणून भिंगाला टोपण घालायला उठलात; गाडी गेल्यावर टोपण काढलंत, पण परत बसलाच नाहीत.

"जेवडा येळ बसलो तेवडाच आलो बग," तुम्ही म्हणालात. पारनेरची बोली तुम्ही कधी सोडली नाही. "खडक हालला न्हाई, त्यो पुरा आला."

मला कसलं कौतुक! माझ्या लग्नापेक्षा यांना चांदणं मोठं, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही श्रीगोंद्याला लग्नाचे फोटो काढायला गेलात, आणि इकडे एक गिऱ्हाईक फ्रेमसाठी अडून बसलं. जुन्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात घालून, वरचा फोटो घासून काढून आपण फ्रेमला लावायचो. मी ती चांदण्यातली काच धुतली. तुम्ही आल्यावर मी सांगितलं, जुनी समजून धुतली गेली. "आसू दे," म्हणालात आणि हातपाय धुवायला गेलात.

त्याच थंडीत तुम्ही तापानं गेलात. दहाव्याला ठेवायला फोटो शोधला, तर अर्ध्या नगरचे चेहरे कपाटात, तुमचा एकही नाही. माझ्या मुलांनी आजोबा पाहिलेच नाहीत. कसे दिसायचे विचारतात, तेव्हा मी नाकाडोळ्यांचं काहीबाही सांगते, आणि हल्ली तेही मला नीट आठवत नाही.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. आबा, ती चुकून धुतली गेली नव्हती. पाण्यात घालण्याआधी मी ती उजेडात धरली होती. तुम्ही खडकावर बसला होतात. मी तिथूनच घासायला सुरुवात केली.