तुम्ही विहिरीपाशीच थांबलात

बाई, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुम्हाला पाहिलेली माणसंही फारशी उरलेली नाहीत. मी मात्र अजून मनातल्या मनात तुमच्याशी बोलते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा भांडतेच. आज कागद घेऊन बसले त्याला कारण आहे. अकोल्यात, जठारपेठेतल्या ज्या केंद्रात मी जन्मभर अपंग मुलांचं काम केलं, तिथे आता मुलांच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायचं ठरलंय. निवृत्त झाले तरी मी तिथे जाते, म्हणून मलाही शिकायला बसवलं. प्रत्येक मुलाचं एक पान. वर फोटो, मग व्यायाम, औषधं, चालण्याची प्रगती, आणि खाली एक भलामोठा चौकोन, ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’. शिकवणारा म्हणाला, इथे जितकं मनाला भिडणारं लिहाल तितकं चांगलं, कारण देणगीदारांना जाणारा अहवाल हा चौकोन आपोआप उचलतो. मी त्या चौकोनाकडे बघत बसले आणि मला अकोल्यातलंच ते सभागृह आठवलं. तुम्हालाही आठवत असेल.

पण आधी अमरावती, तुमचं अपंग मुलांचं वसतिगृह. मी तुमच्याकडे आले तेव्हा लहानच होते. दर्यापूरजवळच्या आमच्या गावचे गुरुजी मला पाठुंगळी घेऊन एसटीतून उतरले आणि तुमच्या ओसरीवर त्यांनी मला पोत्यासारखं ठेवलं. तापात एक पाय लुळा पडलेला. वडील त्याच्या आदल्या वर्षी वारलेले. आई दुसऱ्याच्या वाडीत भाजी लावायची आणि बाजारात विकायची. तुम्ही पुण्याकडच्या, तुमचं बोलणं मला अर्धं कळायचं नाही. तुम्ही विचारलंत, “भूक लागलीय का गं?” मी म्हणाले, “मले मायकडे जाऊ द्या.” तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. स्वयंपाकघरात उचलून नेलंत आणि चुलीजवळ बसवून अंबाडीची भाजी-भाकरी दिलीत. भाजीत तेल जास्त होतं. आमच्या घरी इतकं तेल कधी नसायचं.

वसतिगृहातल्या मोठ्या मुली सकाळी ओट्याशी भाकऱ्या थापायच्या आणि मी खालून बघत राहायची. एक दिवस सुतार आला, माझ्या कमरेपासून टाचेपर्यंत सुतळीने माप घेऊन गेला, आणि पुढच्या आठवड्यात ओट्याच्या उंचीचं एक स्टूल आलं. पाठीला टेकू, आणि लुळ्या पायासाठी खाली फळी. तुम्ही मला त्यावर बसवलंत आणि परात पुढे सरकवलीत. “आता बघत बसायचं नाही, थापायच्या.” माझी पहिली भाकरी फाटली, दुसरीही फाटली. तुम्ही त्या दोन्ही स्वतःच्या ताटात घेतल्यात. बाई, त्या दिवशी तुम्ही मला सांगितलं असतंत की विस्तवात हात घाल, तर मी घातला असता.

नोंदी ठेवायलाही तुम्हीच शिकवलंत. रोज संध्याकाळी प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी. मी एकदा सगळ्यांपुढे ‘ठीक’ लिहून मोकळी झाले. तुम्ही पान माझ्यासमोर फाडलंत. “ठीक म्हणजे काय? जेवला का, कुठं दुखलं, कशाला हसला, कुणाशी भांडला? त्या मुलाला उद्या कोणी ओळखायचं असेल तर तुझ्या ‘ठीक’वरून ओळखेल का?” मी रडले, आणि मग रोज लिहू लागले. अक्षर सुधारलं, नजरही सुधारली. हे मी नाकारत नाही. पुढे आयुष्यभर जे काम करून पोट भरलं ते तुमच्या त्या एका रागावण्यातून आलं.

रात्रीचं जेवण झालं की तुम्ही माझ्या पायाला तेल लावायला बसायचात. तेव्हा मी बडबडायची. त्या बडबडीत एकदा विहीर आली. ती गोष्ट खरं तर मी इथेही लिहू नये, कारण ती माझी नाही, आईची आहे. आणि आईला विचारायची सोय आता राहिलेली नाही. वडील गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात आई मला कडेवर घेऊन वाडीतल्या विहिरीवर गेली. काठावर बसली. मला मांडीवर घट्ट धरून खाली बघत राहिली. मी विचारलं, “माय, पानी काढाचं हाये का?” ऊन कलंडलं, बैल घरी गेले, तरी ती बसूनच. मग एकाएकी उठली, मला उचललं आणि घरी आणलं. चूल पेटवली, पिठलं केलं आणि मला घास भरवले. मी मोठी झाले होते, हाताने जेवायची, तरी भरवले. तिथे आजूबाजूला कोणी नव्हतं, बाई. तिला कोणी थांबवलं नाही. ती आपली आपण उठली. मी तुम्हाला ही गोष्ट सांगितली ती आईचं कौतुक म्हणून. तुम्ही ऐकता ऐकता तेलाचा हात थांबवलात आणि म्हणालात, “मोठी धीराची बाई आहे तुझी आई.” म्हणून मला वाटलं, तुम्हाला समजलं.

मग साठीच्या दशकातली ती अकोल्याची सभा. महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. शहरातले कापसाच्या जिनिंगचे मालक, वकील, डॉक्टर, त्यांच्या बायका, सगळे येणार होते, आपल्या वसतिगृहाला मदत मिळणार होती. तुम्ही मला नवा फ्रॉक शिवलात. माझं ते स्टूलसुद्धा गाडीत घातलंत, मंचावर ठेवायला. आणि मोठ्या मनाने म्हणालात, “तुझ्या आईलाही बोलावलंय, दर्यापूरहून अकोला जवळच आहे. मुलीचा मान बघू दे तिला.” मी आनंदाने आदल्या दिवशी जेवलेसुद्धा नाही.

मी मंचावर स्टुलावर बसलेली आहे. आई शेवटच्या रांगेत, गुरुजींच्या शेजारी, खुर्चीच्या अगदी कडेवर, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून. मला पाहून ती हसते. तुम्ही उभ्या राहता, हातात माझी माहिती लिहिलेला कागद आहे. तुम्ही वाचू लागता. ताप, पाय, वडील. मग तुम्ही आवाज खाली आणता आणि म्हणता, “आणि एके दिवशी या मुलीची जन्मदाती आई हिला विहिरीत लोटायला घेऊन गेली.” सभागृहातून एक सुस्कारा उठतो. “त्याच क्षणी रस्त्याने जाणारी माणसं धावली, म्हणून ही कोवळी कळी आज तुमच्यासमोर आहे.”

मी ओरडले, “नाई! कोनी नोतं तिथं!” तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि दाबलात. लोकांना वाटलं पोर रडतेय. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्यांमध्ये मला दिसलं, की शेवटच्या रांगेत गुरुजी एकटेच बसलेत आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.

आई बाहेर कडुलिंबाखाली उभी होती. मला वसतिगृहातल्या दोघींनी उचलून तिच्यापाशी नेलं. ती रडत नव्हती. म्हणाली, “तुनं सांगतलं काय बाईले?”

“सांगतलं. पन मी असं नाई सांगतलं, माय.”

“मी तुले वापस आनलं. थे नाई सांगतलं?”

“सांगतलं व.”

“मंग बाईनं थे काहून नाई सांगतलं?”

तिने माझ्या फ्रॉकची कॉलर नीट केली, डोक्यावरून हात फिरवला आणि एसटी स्टँडकडे चालू लागली. गुरुजी मागून धावत गेले. ती त्यांच्यासाठीही थांबली नाही.

आपण अमरावतीला परतलो. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही एकट्याच होतात. मी आईचाच प्रश्न तुम्हाला विचारला. तुम्ही डाळ निवडत होतात, निवडायचं थांबला नाहीत. “अगं, आईने परत आणलं असं सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते, मग आईकडेच राहू दे की. वसतिगृह कशाला हवं? तुला कळायचं नाही आत्ता. त्या दिवसामुळे कितीतरी मुलांना लोखंडी पट्ट्यांचे बूट येणार आहेत. तुलाही.”

“माह्या मायबद्दल खोटं काहून सांगतलं?”

“खोटं नाही सांगितलं. थोडं बदललं. तिचं नाव कुठे घेतलं मी?”

नाव घेतलं नाही! ती तिथे बसली होती, बाई. तुम्हीच तिला बोलावलं होतं. आणि गुरुजी साधे भोळे, त्यांनी गावात जाऊन वाईट मनाने नव्हे, नवल म्हणून सांगितलं. दर्यापूरच्या बाजारात आईच्या शेजारी बसणाऱ्या बायका हळूहळू लांब सरकल्या. पोरीला विहिरीत टाकणारीच्या हातची भाजी नको, असं कोणीतरी म्हणालं. आईने कुणालाही खरी गोष्ट सांगितली नाही. सांगून कोण ऐकणार होतं, शिकलेल्या बाईंनी मोठ्या सभेत वाचलं होतं ना. त्या पावसाळ्याआधी ती गाव सोडून बाळापूरला मामाकडे गेली.

बूट आले. मी ते घातले आणि भिंतीला धरून पहिल्यांदा उभी राहिले. तुम्ही टाळी वाजवलीत, आणि मी तुमच्याकडे पाहिलं नाही. जायला दुसरी जागा नव्हती म्हणून मॅट्रिक होईपर्यंत तुमच्याकडेच राहिले. विचारलंत तेवढंच बोलले. तेल लावायला आलात की म्हणायची, माझं मी लावते. तुम्ही वाटी ठेवून निघून जायचात. एकदाही तुम्ही म्हणाला नाहीत, “चुकलं माझं.” मी वाट पाहत होते. तुम्हाला ते माहीत असणार, तुमची नजर तशी तीक्ष्ण होती.

तुम्ही माझ्याकडून काय घेतलंत ते मला फार उशिरा कळलं. अकोल्यात नोकरी लागल्यावर मी रविवारी बाळापूरला जायची. आई माझ्यासाठी स्वयंपाक करायची, शेजारणींना अभिमानाने दाखवायची, “माही पोरगी, हापिसात हाये.” पण स्वतःबद्दल ती मला पुन्हा कधी काही बोलली नाही. कशी आहेस विचारलं की “बरी हाये.” मामी नीट वागते का? “बरी वागते.” तुम्हाला न चालणारा तो ‘ठीक’, बाई, माझ्या आईने मला जन्मभर दिला. ती रागावली नव्हती. तिने फक्त ठरवलं होतं, की हिला सांगितलेलं बाहेर जातं. तिच्या पोटात गाठ होती हे मला डॉक्टरांकडून समजलं, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हणाले, “माय, मले काहून नाई सांगतलं?” तिने डोळे मिटून घेतले आणि विचारलं, “तू जेवली काय?”

त्या दिवशी मी तुम्हाला जितके शिव्याशाप दिले तितके आयुष्यात कुणाला दिले नाहीत.

तर परवा कॉम्प्युटरसमोर मी हटून बसले. म्हटलं, या चौकोनाला कुलूप हवं. घरच्यांना विचारून, ते हो म्हणतील तेवढंच लिहायचं, आणि अहवालाने ते आपोआप उचलायचं नाही. आमच्या संचालक मॅडम समजावू लागल्या, “ताई, गोष्ट नसेल तर देणगी कमी होईल.” मी म्हटलं, कदाचित होईल. वाद बराच वेळ चालला. शेवटी त्यांनी कुलूप घालायला सांगितलं, माझं वय बघून की पटलं म्हणून, ते देव जाणे.

काल एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. बोलता बोलता नवऱ्याबद्दल सांगायला लागली. माझी बोटं टाईप करत होती, ती मी काढून घेतली आणि विचारलं, “हे लिवू काय?” तिने पोराकडे पाहिलं. मग म्हणाली, “लिवा. डाक्टरले समजलं पाह्यजे. पन याच्या बापाले दिसू देऊ नोका.” मी लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तिने एका ठिकाणी मला थांबवलं. “मारलं नाई ताई, लोटलं. लोटलं लिवा.” मी ‘मारलं’ खोडून ‘लोटलं’ केलं. ती मान हलवून पोराला घेऊन गेली. तुम्ही इतकंच करायचं होतं, बाई. सभेआधी एकदा आईला वाचून दाखवायचं होतं.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत तो पोचणार नाही हे उघडच आहे. तुमच्या शेवटच्या आजारपणात अमरावतीहून येणारी माणसं सांगायची, की अकोल्याचं कोणी भेटलं की तुम्ही माझी चौकशी करता. मी म्हणायची, चौकशी करतात ना, मग निरोप का नाही पाठवत? मी आले नाही, आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही. मात्र तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते की बोलावलं असतं तरी गेले नसते. ते खरं नव्हतं. तुम्ही नुसतं ‘ये’ म्हटलं असतंत, तर मी पहिल्या गाडीने निघाले असते.