घरचे फोटो

२ जानेवारी

खामगावात पोचलो! खोली गफ्फारभाईंच्या गादी-रजईच्या दुकानावर आहे. जिना बाहेरून, मोरी आत, आणि खिडकीतून समोरच्या जिनिंगमधला कापसाचा पांढरा ढीग दिसतो. गफ्फारभाईंच्या बायकोला सगळे सायराखाला म्हणतात, म्हणून आम्हीही. त्यांनी आल्या आल्या विचारलं, चहा पेता का पहिले सामान चढवता? आमच्या दोन पिशव्या पाहिल्यावर म्हणाल्या, एवढंच? मंग तं दोन-दोन कप पे.

बुलडाण्याला माझं आणि संघर्षचं रजिस्टर लग्न होऊन आज पाच दिवस झाले. तिथल्या बसस्टँडमागे संघर्षने माझं सिम मोडून नालीत टाकलं आणि स्वतःच्या नावावरचं नवं घातलं. फोन तोच जुना. आता आपण कोणाला सापडत नाही, असं तो म्हणाला.

इंद्रभानदादाने दिवाळीत मला शेतातली विहीर दाखवली होती. बौद्धवाड्यातल्या त्या पोरासोबत पुन्हा दिसली तर दोघांले यातच टाकीन, म्हणाला. रागात नव्हता. म्हशींना पाणी पाजता पाजता बोलला.

पण आज ते लिहायला नको. आज खोली झाडली, चूल मांडली. म्हणजे शेगडी. खालांचीच.

५ जानेवारी

संघर्षला पार्सल पोचवायचं काम मिळालं. निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव. जिन्यात उभा करून त्याचे सहा फोटो काढले. प्रत्येकात डोळे मिटलेले.

मग फोटो चाळत बसले, तर त्यात आई! आमच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलतेय. कालचाच फोटो. बारावीनंतर कॉलेजच्या फॉर्मसाठी दादाने एक मेल आयडी काढला होता, आमच्या घरात सगळ्या फोनला तोच आहे. त्यामुळे दादाने काढलेले फोटो माझ्या फोनमध्ये आपोआप येतात. म्हशींचे, फवारणीच्या पंपाचे. पूर्वी वैताग यायचा. आज पदराने काच पुसून पुसून पाहिला. आई वाळल्यासारखी दिसते.

९ जानेवारी

संघर्ष सकाळी गेला की मी आईला शोधते. कधी अंगणात पाठमोरी असते, कधी नुसता तिचा हात. खाला चिडवतात, काऊन व पोरी, नवरा गेला का त्याच्याच फोटोले चिपकते? मी आई दाखवली. मग त्यांनी बराच वेळ फोन हातात धरला आणि म्हणाल्या, नाक तुह्यासारखंच हाय.

दुपारी खाली रजई टाचायला बसते. खाला म्हणतात माझे टाके म्हणजे बकरीची चाल. पहिल्या रजईचा फोटो काढला, दुकानाच्या पाटीचा, खिडकीतून दिसणाऱ्या कापसाचा. छान निघाले.

१५ जानेवारी

सहा दिवस झाले, घरचा एकही फोटो नाही. काल संक्रांत गेली. दरवर्षी दादा वाण घेऊन बसलेल्या आईचा फोटो काढतो. आई आजारी तर नसेल?

१८ जानेवारी

आज एक फोटो आला. आई नाही. कापसाने भरलेला ट्रॅक्टर आणि मागे रस्ता. फोटोखाली जागेचं नाव येतं. खामगाव.

संघर्ष जेवत होता. मी म्हटलं, दादा कापूस विकायला इथे आलेला दिसतो. त्याचा घास हातातच राहिला. तुला कसं कळलं, म्हणाला. मी फोन दाखवला. त्याने जागेचं नाव वाचलं आणि विचारलं, त्याचे तुला दिसतात, मग तुझे त्याला दिसत असतील?

मी हो म्हणाले. म्हटल्यावर मला कळलं.

१९ जानेवारी

त्रेचाळीस फोटो. मोजले. संघर्षचा शर्ट, त्यावर कंपनीचं नाव. जिना. दुकानाची पाटी, पत्त्यासकट. प्रत्येकाखाली जागा.

सगळे पुसले. पुसताना वाटलं, पुसलेलंही त्याला दिसत असेल.

संघर्ष म्हणाला आयडीच काढून टाक. मी फोन ओढून घेतला. काढला तर दादा कुठे आहे ते आपल्याला कळणार नाही. तो म्हणाला हे वेडेपण आहे. मी म्हटलं, तू ती विहीर पाहिली नाहीस. तो गाडीची चावी घेऊन कामावर गेला.

चार वाजता नवा फोटो. पार्सलच्या गोदामाचं फाटक. चार निळे शर्ट. बोटांनी मोठा करून एकेक तोंड पाहिलं. संघर्ष नाही.

२० जानेवारी

आमची गल्ली. दोन फोटो. माणूस नाही, नुसती गल्ली.

खाला म्हणतात, वडनेरले माही बहीण हाय, तिच्याकडं जा, लेकरावानी ठेवते ते. उद्या सकाळी संघर्ष पोलीस ठाण्यात अर्ज देणार. तिथून आला की निघायचं.

पिशव्या भरल्या. दोनच आहेत.

२१ जानेवारी. सकाळी १०

संघर्ष गेला. म्हणाला काहीही झालं तरी फोन चालू ठेव, मी करतो. खालांनी मला दुकानामागच्या कोठीत बसवलं, रजयांच्या थप्पीमागे. त्या रिक्षा आणायला गेल्या. फोन सायलेंट केला. वही सोबत आहे.

११.२०

फोटो. संघर्षची गाडी. रस्त्याच्या कडेला, चावी तशीच लावलेली. तो नाही.

त्याला फोन लावला. वाजतो. उचलत नाही. पुन्हा लावला. पुन्हा.

११.३५

नावं लिहून ठेवते. कोणाला ही वही मिळाली तर. माझा भाऊ इंद्रभान. चुलतभाऊ गोविंदा, तो कायम दादासोबत असतो. माझा नवरा संघर्ष, त्याला ठाण्याच्या वाटेवर शोधा. मी स्वतःहून लग्न केलं. कोणी पळवलं नाही. फोटो मीच काढले.

फोन बंद करावा का — पण तो करेल. तो जिवंत असेल तर करेल.

११.५०

दुकानाची पाटी. आत्ताचा फोटो. आत्ताचा.

बाहेर गिऱ्हाईक आहे. गफ्फारभाई विचारतायत, सिंगल का डबल. दोन माणसांची दाखवा, म्हणतोय. शांत आवाज. दादाच. गफ्फारभाईंनी त्याला कधी पाहिलेलं नाही — ओरडू कशी —

फोन वाजतोय. सायलेंट आहे तरी वाजतोय, पूर्ण आवाजात. कोणाचा नंबर नाही. नुसतं लिहिलंय, हा फोन शोधला जात आहे. तोच मेल आयडी, दादाच वाजवतोय. दाबते आहे, थांबत नाही. रजईत खुपसला, वर बसले — तरी —

बाहेर सगळं गप्प.

गफ्फारभाई म्हणतायत आत कोणी नाही. काहीतरी पडलं. ते पुन्हा बोलले नाहीत.

हाक मारतोय. घरी मारायचा तशीच. वैशे. चाल बाई घरी, गाडी उभी हाय, माय वाट पाहून राह्य